बेगमीची शहरं

शहर उभारायच्या खेळात माणसं मरतात हिवाळ्यात, पण त्याची तजवीज झालेली असते उन्हाळ्यातच. ‘बॅनिश्ड’ ज्यांनी खेळला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूळ गावातून हाकलून दिलेली काही कुटुंबं रानात येऊन पडतात. गाठीला थोडं धान्य, थोडी अवजारं, अंगावरचे कपडे. पैसा नावाची गोष्ट या गेममध्ये नाही. शत्रू नाही, लढाई नाही, जिंकणंही नाही. आपण वरून बघायचं आणि ठरवायचं: इथे घरं, इथे मासेमारीचा धक्का, इथे कोठार. वसंत आणि उन्हाळा मजेत जातो. घरं उठतात, पाळणे हलतात, आपल्याला कारभार जमतोय असं वाटू लागतं. मग पानं तांबडी व्हायला लागतात आणि पडद्यावरच्या सरपणाच्या आकड्याकडे पहिल्यांदा नीट लक्ष जातं.

त्यापुढचं रहाटगाडगं निरखून पाहण्यासारखं आहे. सरपण संपतं, घरं गार पडतात. गारठलेला लाकूडतोड्या हातातलं काम टाकून ऊब शोधत घराकडे निघतो. घरी चूल विझलेली. तो जंगलात नाही म्हणून ओंडके येत नाहीत, ओंडके नाहीत म्हणून फोडायला काही नाही, आणि फोडलेलं लाकूड नाही म्हणून चूल पेटत नाही. तिकडे लोहाराकडचं लोखंड संपलेलं असतं. झिजलेल्या कुऱ्हाडी मोडतात आणि अवजाराविना माणसाचं काम रखडतं. शेतातलं पीक पुरतं कापून व्हायच्या आत थंडी पडते आणि उभं पीक जातं. कुणी हल्ला केलेला नसतो, धरणीकंप झालेला नसतो. दरवर्षी येणारा, पंचांगात ठरलेला हिवाळा आलेला असतो, इतकंच.

यातून तरलात तर दुसरा सापळा त्याहून कपटी आहे. या गेममधल्या जोडप्यांना स्वतःचं घर मिळाल्याशिवाय मुलं होत नाहीत. धास्तावलेला खेळाडू म्हणतो, खाणारी तोंडं कमी बरी, आणि घरं बांधायचं थांबवतो. तरुण मंडळी आईबापांच्या घरातच अडकून पडतात. काही वर्षं सगळं सुरळीत दिसतं, कोठार भरलेलं असतं, आणि मग पहिली पिढी एकदम म्हातारी होऊन जायला लागते. मागे कुणीच नसतं. उलट एका दमात पंचवीस घरं बांधली तर पोरांची लाट येते, ती एकदम मोठी होते आणि एकदमच म्हातारी होते. भरल्या कोठारासमोर गाव ओस पडतं. ल्यूक होडोरोविच या एकट्या माणसाने बनवून २०१४ साली विकायला काढलेल्या या गेममध्ये चक्रीवादळ आहे, आग आहे, रोगराई आहे. पण खरी दहशत या जन्ममृत्यूच्या हिशेबाची.

या पुस्तकाचा विषय असे खेळ आहेत. इंग्रजी वळणाने त्यांना सिटी-बिल्डर म्हणतात आणि त्यांतला एक पोटप्रकार गेल्या दहा-बारा वर्षांत जोरात वाढला आहे: जिथे वस्ती करू नये अशा जागी वस्ती करायची. बर्फात, वाळवंटात, मंगळावर, आटत जाणाऱ्या नदीकाठी. या सगळ्यांत आपत्ती ही मुळात साठ्याची बाब असते. किती जमवलं, ते किती दिवस पुरेल, आणि कमी पडलं तर आधी कुणाचं तोडायचं. कोकणात मे महिन्यात पडवीत लाकूडफाटा रचला जातो, सुक्या मासळीचे आणि कडधान्याचे डबे भरले जातात, तसा हा सगळा कारभार पावसाआधीचा आहे. पाऊस सुरू झाल्यावर करण्यासारखं फारसं उरत नाही.

पण या प्रकाराचा मूळपुरुष ज्याला म्हणतात, त्या ‘सिम सिटी’त असं नव्हतं. विल राइट हा त्याचा कर्ता. आधी त्याने ‘रेड ऑन बंगलिंग बे’ नावाचा हेलिकॉप्टरने बॉम्ब टाकायचा गेम बनवला होता, १९८४ साली. तो बनवताना त्याच्या लक्षात आलं की बेटांवर बॉम्ब टाकण्यापेक्षा बेटांवरचे रस्ते आणि कारखाने मांडत बसण्यात आपल्याला जास्त गंमत वाटते. त्या गमतीचं १९८९ साली ‘सिम सिटी’ झालं. त्यात आपत्तींचा स्वतंत्र मेनू होता: आग, पूर, भूकंप, चक्रीवादळ, विमान अपघात आणि समुद्रातून उठून शहर तुडवणारा राक्षस. हॉटेलातल्या मेनूकार्डासारखं त्यातून हवं ते निवडायचं. बहुतेक पोरं तेच करत. तासन् तास शहर बांधायचं आणि जेवायला हाक आली की राक्षस सोडायचा.

या मेनूचा मला राग नाही; शहर मोडण्यात निखळ आनंद आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या आपत्तींचा शहराशी संबंध नव्हता. भूकंप कुठल्याही शहराला सारखाच. अपवाद होता गेमसोबत आलेल्या तयार प्रसंगांचा. त्यांतला सॅन फ्रान्सिस्को १९०६ हा प्रसंग आजही खेळण्यासारखा आहे. १८ एप्रिल १९०६ च्या त्या भूकंपात शहराचं खरं नुकसान केलं ते आगीने. पाण्याच्या मुख्य वाहिन्या फुटल्या होत्या आणि शहर तीन दिवस जळत राहिलं. गेममध्येही धक्के थांबल्यावरच खरं काम सुरू होतं: आग कुठे अडवायची, कुठला भाग सोडून द्यायचा. याच यादीत रिओ द जानेरो २०४७ हा किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याचा प्रसंग होता. १९८९ साली लिहिलेला, हे लक्षात घ्या.

राइटच्या आयुष्यात पुढे जे घडलं ते कादंबरीकाराने लिहिलं असतं तर ओढूनताणून आणलं आहे असं म्हटलं असतं. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला आणि त्यात त्याचं घर जळून गेलं. नव्याने संसार मांडताना कुठली वस्तू खरोखर लागते, कुठली नाही, याचा तो विचार करत राहिला आणि त्यातून ‘द सिम्स’ची कल्पना निघाली. तो गेम २००० साली आला आणि ‘सिम सिटी’पेक्षाही कितीतरी जास्त खपला. आपत्तींचा मेनू लिहिणाऱ्या माणसाने आपत्तीनंतर जो गेम बनवला त्यात शहर नव्हतंच. एक घर, त्यातली माणसं आणि त्यांच्या वस्तू होत्या.

‘सिम सिटी’च्या पोटात एक पुस्तक होतं, तेही इथे सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या खेळांना त्याचा वारसा मिळाला आहे. जे फॉरेस्टर या एमआयटीच्या प्राध्यापकाने १९६९ साली ‘अर्बन डायनॅमिक्स’ लिहिलं. बोस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी झालेल्या चर्चांतून ते आकाराला आलं. शहर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या साठ्यांची आणि प्रवाहांची यंत्रणा, असं फॉरेस्टरने मांडलं: इतकी घरं, इतके कारखाने, इतके कामगार, एक वाढलं की दुसरं घटतं. कल्पना दांडगी होती. पण त्या शहराभोवती काय होतं? अमर्याद परिसर. माणसं तिथून येत आणि तिथेच परत जात. शेजारचं शहर, नदीच्या वरचं गाव, बाजूचा तालुका, असं काहीच त्या आकृतीत नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

साठ्याचा खेळ मात्र ‘सिम सिटी’हून जुना आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर परगण्यात मेबल ॲडिस नावाच्या शिक्षिकेने १९६४ च्या सुमारास आयबीएमच्या मदतीने सहावीच्या मुलांसाठी ‘द सुमेरियन गेम’ लिहिला. मूल टंकयंत्रापुढे बसायचं, खोलीएवढा संगणक दुसरीकडे चालायचा आणि कागदावर प्रश्न छापून यायचा: लगाश नगरीचा राजा म्हणून यंदा किती धान्य लोकांना खायला देणार, किती पेरणार, किती साठवणार? मधूनच पूर येई, आग लागे, उंदीर धान्य खात. त्याच धर्तीवर पुढे ‘हमुराबी’ हा छोटा गेम निघाला आणि घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीने तो खेळला. तेव्हा आज पोलंडमध्ये किंवा बल्गेरियात बनणारे दुष्काळाचे आणि बर्फाचे खेळ काही वेगळंच शोधून काढत आहेत असं नाही. मधल्या काळात या खेळांना करमणुकीचे जे पंख फुटले होते ते उतरवून ते पुन्हा शाळामास्तरणीच्या प्रश्नाकडे वळले आहेत.

पोलंडचं नाव आलं म्हणून सांगतो: ‘फ्रॉस्टपंक’, ‘टिंबरबॉर्न’, ‘अगेन्स्ट द स्टॉर्म’, ‘फ्लडलँड’ हे सगळे तिथलेच. त्याचा संबंध त्या देशाच्या इतिहासाशी जोडायचा मोह होतो. मी तो आवरता घेतला आहे. त्या देशात कुशल आणि चांगले गेम बनवणारी मंडळी भरपूर आहेत, एवढं कारण बहुधा पुरेसं आहे.

यांतला ‘फ्रॉस्टपंक’ सर्वांत गाजलेला आणि या पुस्तकात सर्वांत जास्त पानंही त्यालाच गेली आहेत. वॉर्सॉच्या इलेव्हन बिट स्टुडिओजने तो २०१८ साली काढला. त्याआधी त्यांनी ‘धिस वॉर ऑफ माइन’ बनवला होता. सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेल्या त्या गेममध्ये तुम्ही सैनिक नसता, वेढल्या गेलेल्या शहरातल्या पडक्या घरातले नागरिक असता. पोलंड सरकारने २०२० साली तो शाळांसाठीच्या शिफारशीच्या यादीत घेतला. या पार्श्वभूमीवर ‘फ्रॉस्टपंक’ बघायला हवा.

काळ एकोणिसाव्या शतकाचा शेवट. ज्वालामुखींनी आणि मंदावलेल्या सूर्याने पृथ्वी गोठली आहे. (ज्वालामुखीचा भाग निव्वळ कल्पित नाही. इंडोनेशियातल्या तांबोराच्या १८१५ च्या उद्रेकानंतर १८१६ साली युरोपात आणि उत्तर अमेरिकेत उन्हाळा पडलाच नाही, पिकं गेली आणि उपासमार झाली.) लंडनहून निघालेली ऐंशी माणसं उत्तरेकडे एका खोलगट खड्ड्यात पोचतात. त्यांत पंधरा मुलं. मधोमध कोळशावर चालणारा प्रचंड जनित्र-मनोरा. त्याच्याभोवती वर्तुळाकार रस्ते, रस्त्यांवर आधी तंबू, मग झोपड्या, मग घरं. जनित्राजवळ ऊब, लांब गेलं की गारठा. पडद्याच्या वर येत्या दिवसांच्या तपमानाची रेघ दिसत असते. रेघ खाली वळली की पोटात गोळा येतो, कारण ती सांगत असते की परवापासून आणखी वीस अंश उतरणार आणि कोळसा आज संध्याकाळपर्यंतचाच आहे.

इथे कायद्याचं पुस्तक उघडतं. कोळशाच्या खाणीत चोवीस तासांची पाळी लावायची का? मुलांना कामाला जुंपायचं, की त्यांच्यासाठी निवारा बांधायचा? जेवणात पाणी घालून सूप करायचं, की भुसा मिसळायचा? मेलेल्यांना स्मशान, की बर्फातला खड्डा? एका वेळी एकच कायदा करता येतो, आणि केलेला कायदा मागे घेता येत नाही. खाली दोन पट्ट्या: एक आशेची, एक असंतोषाची. मुलांच्या कामाचा कायदा केल्यावर पडद्यावर बातमी येते, लोक कुरकुरतात, आणि मग दुसऱ्या दिवशी कोळशाचा आकडा वाढलेला दिसतो. तो वाढलेला आकडा बघून हायसं वाटतं, ही या गेमची खरी करामत. आपल्याला कशाने हायसं वाटलं, हे समजायला थोडा वेळ लागतो.

पुढे आशा टिकवण्यासाठी दोन मार्ग खुले होतात, शिस्तीचा आणि श्रद्धेचा. पहिल्यात पहारे आणि प्रचार, दुसऱ्यात देवळं आणि प्रार्थना. दोन्ही वाटा सोयीच्या वाटत वाटत हुकूमशाहीपाशी पोचतात. शेवटी महावादळ येतं. ते सोसून शहर तगलं तर तुमचं शहर पहिल्या दिवसापासून कसं वाढत गेलं ते झरझर दाखवलं जातं, वाटेत तुम्ही केलेले कायदे एकेक करून पुढे येतात आणि, फार पुढे गेला असाल तर, विचारलं जातं की एवढ्यासाठी हे करायचं होतं का.

हा प्रश्न अनेकांना थोर वाटला. मला तो जरा ढोंगी वाटतो. ज्याने चौकटीत तीन वाटा ठेवल्या आणि तिन्ही वाटांवर काटे पेरले, त्यानेच शेवटी पाय रक्ताळले म्हणून बोल लावायचा, हे काही खरं नाही. शिवाय थोडा सराव झाला की एकही वाईट कायदा न करता शहर तगवता येतं. मग तो नीतीचा प्रश्न राहत नाही, हातखंड्याचा होतो. तरीही पहिल्यांदा खेळताना ‘फ्रॉस्टपंक’ जे करतो ते दुसऱ्या कुठल्या शहरी गेमने तोवर केलं नव्हतं: आपत्ती निसर्गाकडून येते, पण तिची विभागणी माणूस करतो, हे तो आपल्या हातून करवून घेतो. २०२४ साली आलेल्या दुसऱ्या भागात तर शंभर प्रतिनिधींचं सभागृहच आलं. कायदा तुमच्या सहीने होत नाही, मतदानाने होतो. गट पाडावे लागतात, एकाला आश्वासन देऊन दुसऱ्याचा राग ओढवून घ्यावा लागतो. तो गेम पहिल्याइतका घट्ट विणलेला नाही, पण त्यात पहिल्यांदाच शहरातली माणसं कारभाऱ्याला ‘नाही’ म्हणतात.

‘सर्व्हायव्हिंग मार्स’बद्दल थोडक्यात. सोफियाच्या हेमिमाँट गेम्सने तो मार्च २०१८ मध्ये काढला. मंगळावर घुमट बांधायचे, प्राणवायू, पाणी आणि वीज यांचा मेळ घालायचा. धुळीचं वादळ आलं की हवेतून प्राणवायू आणि पाणी काढणारी यंत्रं बंद पडतात, मग टाक्यांत जे असेल त्यावर दिवस काढायचे. शीतलहर आली की विजेची मागणी वाढते. गेममध्ये ही वादळं चांगलीच झोडपतात. खऱ्या मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे तिथलं वादळ माणसाला आडवं पाडणार नाही. त्याचा खरा धोका अंधाराचा. गेम बाजारात आल्यानंतर तीनच महिन्यांनी, जून २०१८ मध्ये, मंगळभर पसरलेल्या धुळीने सूर्य झाकला आणि २००४ पासून तिथे फिरणारी ‘ऑपर्च्युनिटी’ ही सौरऊर्जेवरची गाडी कायमची गप्प झाली. अणुऊर्जेवर चालणारी ‘क्युरिऑसिटी’ त्याच वादळात काम करत राहिली. सौरतबकड्यांवरच भिस्त ठेवू नका, हा धडा गेममध्येही असाच शिकावा लागतो.

आता ‘टिंबरबॉर्न’. मराठी वाचकाला या सगळ्यांत जवळचा वाटेल असा गेम हाच, आणि त्यात एकही माणूस नाही. माणसं केव्हाच नष्ट झाली आहेत, उरलेत ते बीव्हर, म्हणजे नदीत ओंडक्यांचे बांध घालणारे मोठे दातवाले प्राणी. मेकॅनिस्ट्री या कंपनीने २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने खेळाडूंच्या हाती दिला. नदी वाहते, मग दुष्काळाची सूचना येते, मग नदीचा झरा बंद होतो. पात्र कोरडं पडतं, काठची हिरवळ करपत मागे सरते, गाजरं आणि झाडं वाळतात. काही दिवसांनी पाणी परत येतं. पुढचा दुष्काळ आधीपेक्षा लांब असतो.

या गेममधलं पाणी खरोखरीच्या पाण्यासारखं वागतं, हे त्याचं मोठेपण. बांध घातला की मागे फुगवटा येतो; बांध बुटका असला तर पाणी वरून सांडतं; शेजारची सखल जागा विसरलात तर गावच बुडतं. आणि उघड्या पाण्याची वाफ होते. पसरट, उथळ तलाव बांधणाऱ्याचं पाणी दुष्काळ संपायच्या आत उडून जातं. खोल आणि अरुंद साठा करणारा तरतो. जायकवाडीचा नाथसागर ज्यांनी एप्रिलमध्ये पाहिला आहे त्यांना ही गोष्ट शिकायला गेमची गरज नाही. पठारावरचं ते पसरट धरण दर उन्हाळ्यात बाष्पीभवनाला किती पाणी देतं, यावर मराठवाड्यात पिढ्यान् पिढ्या बोललं गेलं आहे. ‘टिंबरबॉर्न’ खेळताना बंधारा, दरवाजे, सांडवा, चर हे सगळे शब्द मनात आपोआप मराठीत येतात. तापीच्या खोऱ्यातली फड पद्धत ज्याला ठाऊक आहे, म्हणजे नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि गावाने ठरवलेल्या पाळ्या, त्याला या गेममधल्या पहिल्या दोन तासांत काहीही परकं वाटणार नाही.

आणि नेमकं इथेच या सगळ्या प्रकाराची उणीव उघडी पडते. ‘टिंबरबॉर्न’च्या नदीवर वरचं गाव नाही. झरा नकाशाच्या कडेला कुठेतरी उगवतो, तो कुणाच्याच मालकीचा नाही, आणि तुमच्या बांधाच्या खाली जे पाणी गेलं ते नकाशाबाहेर सांडतं, तिथे कुणी तहानलेलं नाही. पाणी अडवणं हा इथे निर्मळ गुण आहे. गोदावरीवर तसं नाही. नाशिक-नगरची धरणं वर, पैठण खाली. पाऊस कमी पडला की वरून किती सोडायचं यावर मोर्चे निघतात, कोर्टात दावे होतात, आणि २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातलं समन्यायी वाटपाचं कलम बाहेर काढलं जातं. दुष्काळ म्हणजे आमच्याकडे मुख्यतः हेच: पाणी आहे, पण कुणाचं? फॉरेस्टरच्या त्या ‘अमर्याद परिसरा’ने शेजारी पुसून टाकला तो गेली पन्नास-पंचावन्न वर्षं या खेळांत परत आलेला नाही. या खेळांना साठा कळतो, शेजारी कळत नाही. जमीन नेहमी मोकळी, कारभारी एकटा, आणि त्याने सकाळी घेतलेल्या निर्णयाविरुद्ध संध्याकाळी कुणी तहसीलदाराकडे अर्ज करत नाही.

दुसरी उणीव आपत्तीनंतरची. फिनलंडच्या कोलोसल ऑर्डरने २०१५ साली काढलेल्या ‘सिटीज: स्कायलाइन्स’ला पुढच्याच वर्षी नैसर्गिक आपत्तींची पुरवणी जोडली. त्यात त्सुनामी आहे, भूकंप आहे, वणवा आहे. त्याचबरोबर इशारा देणारी यंत्रं, निवारे, शहर रिकामं करायची सोयही आहे. पूर्वतयारी या गेमने मनापासून दाखवली. पण ढिगारा उपसला, बटण दाबलं, इमारत पुन्हा उभी, आणि तीच माणसं तिथेच राहायला हजर. प्रत्यक्षात असं होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, विसर्जनाची रात्र संपता संपता, किल्लारी आणि सास्तूर परिसर हादरला. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. नंतर बावन्न गावं दुसऱ्या जागी नेऊन वसवली. नवी घरं पक्की होती, रस्ते रुंद आणि काटकोनात होते. जुन्या गावात वाड्याला वाडा लागून होता, ओट्यावरून ओट्यावर बोलणं होत होतं. नव्या गावात अंतरं आली. ते बरं झालं की वाईट, यावर त्या भागात आजही दोन मतं आहेत. शहराच्या गेमने हा प्रश्न अजून विचारायलाच घेतलेला नाही. भूकंपरोधक घर ही गेमला सहज मोजता येणारी गोष्ट आहे. ओटा गेला, हे मोजायची पट्टी पडद्यावर नाही.

काही खेळ या चाकोरीच्या कडेला उभे आहेत, त्यांनाही पुस्तकात जागा दिली आहे. १९९९ चा ‘फॅरो’ यासाठी की त्यात नाईलचा पूर ही आपत्ती नसून दरवर्षीची वाट बघायची गोष्ट आहे. पूर आला नाही तर दुष्काळ. ‘अगेन्स्ट द स्टॉर्म’ यासाठी की तिथे प्रत्येक वस्ती शेवटी वादळात जाणारच असते, हे आधीच ठरलेलं. तरी खेळाडू पुन्हा पावसात नवी वस्ती मांडायला निघतो, आणि त्यात विषाद नसतो. ‘रिमवर्ल्ड’ हा खरं तर शहराचा गेम नाही, छोट्या वसाहतीचा आहे, पण त्यात संकटं कधी धाडायची हे ठरवणारा एक ‘कथेकरी’ असतो आणि तो तुमची संपत्ती बघून संकटाचं माप ठरवतो. सोन्याचं सिंहासन केलंत की दरोडेखोर वाढले. केपटाऊनच्या फ्री लाइव्हज या कंपनीचा ‘टेरा निल’ (२०२३) याच्या बरोबर उलट: ओसाड जमिनीवर यंत्रं लावायची, रान आणि पाणी परत आणायचं आणि शेवटी यंत्रं उचलून निघून जायचं. शहर उभं करायचंच नाही. जरा लवकर संपतो, पण सुंदर आहे.

हे खेळ वेळ खातात का? खातात. त्याबद्दल काही सफाई द्यायची इच्छा नाही. बुद्धिबळ आणि पत्तेही खातातच. पुस्तक वाचायला गेम खेळलेला असलाच पाहिजे असं मात्र नाही. नगररचना, पाणी, पुनर्वसन या विषयांत काम करणाऱ्या वाचकाने तांत्रिक तपशिलाची पानं खुशाल ओलांडावीत आणि खेळणाऱ्यांनी फॉरेस्टरवरचं प्रकरण टाळू नये. ज्यांना वाचता वाचता हात चालवून बघायचा आहे त्यांनी ‘टिंबरबॉर्न’पासून सुरुवात करावी. संकट आल्यावर जुनी सेव्ह फाइल उघडायचा मोह होतो. निदान पहिल्या खेपेला तो टाळा.

आणि ज्यांच्या हातात हे माध्यम आहे त्यांना एक विनंती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ जगभर नेला, तेव्हा गेम बनवणारे हात आपल्याकडे नाहीत ही सबब उरलेली नाही. हवामान खात्याकडे शंभराहून अधिक वर्षांच्या पावसाच्या नोंदी आहेत आणि त्यांचं राष्ट्रीय माहिती केंद्र पुण्यातच आहे. गोदावरीचा एक गेम बनवा. त्र्यंबकपासून पैठणपर्यंतचं खोरं घ्या, खरा पाऊस घाला, आणि एका नदीवर एकाच्या जागी चार खेळाडू बसवा: एक वरच्या धरणावर, एक ऊसवाल्यांच्या पट्ट्यात, एक औद्योगिक वसाहतीत, एक पैठणला. पाणी सोडायचं बटण पहिल्याच्या हातात ठेवा आणि बाकीच्या तिघांना बोलायची सोय करून द्या.